तांडेलबाईंचा पाव तास

तांडेलबाई वर्गात शिरल्या की पहिलं काम करायच्या ते दिवे घालवायचं. खांद्यावरची पिशवी टेबलावर आणि हात थेट बटणांवर. ट्यूबलाइट जायच्या, पंखे तेवढे फिरत राहायचे आणि त्या अर्धवट अंधारात बाईंचा आवाज यायचा, "डोकी खाली. फोन पिशवीत. बोललेलं चालणार नाही, घोरलेलं चालेल." अख्खा वर्ग मुकाट्याने बाकावर हात दुमडून त्यावर डोकं टेकायचा. पाव तासाने दिवे लागायचे, बाई म्हणायच्या, "उठा. ओढा." आणि गणित सुरू व्हायचं.

बालवाडी नव्हे, इंजिनिअरिंगचा वर्ग होता हा. त्यात निम्म्यांना चष्मे होते, तिघा-चौघांना बीपीच्या गोळ्या होत्या, आणि मला दहावीतली मुलगी होती.

संध्याकाळची डिग्री म्हणजे काय हे ज्यांनी केली त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केली नाही त्यांना सांगून पटायचं नाही. डिप्लोमा करून नोकरीला लागलेली आम्ही माणसं. काम इंजिनिअरचं, पाटी मदतनिसाची. मी हाटकेशच्या एका गाळ्यातल्या ऑफिसात इमारतींच्या आगविझवणीच्या पाइपांची ड्रॉइंग काढायचे. माझ्या ड्रॉइंगवर पाइप किती जाडीचा हे डिझाइनवाला पोरगा येऊन लिहायचा. का, असं विचारलं की तो म्हणायचा, "मॅडम, सॉफ्टवेअर सांगतंय." सॉफ्टवेअरला कोण सांगतं, असं विचारलं की त्याला फोन यायचा. डिझाइनच्या टेबलावर बसायला डिग्री लागत होती. मला ते टेबल पाहिजे होतं, पण त्याहून जास्त, तो आकडा कुठून येतो ते पाहिजे होतं. म्हणून मी चाळिशीत कॉलेजात नाव घातलं आणि गणिताच्या तिसऱ्या पेपरात लागोपाठ दोनदा नापास होऊन दाखवलं. पुन्हा गेला असता तर वर्ष जात होतं, आणि वर्ष गेलं की कॉलेज सोडायचं हे घरी न बोलता ठरलेलं होतं.

मीरा रोडचं आमचं कॉलेज फार मायाळू होतं. आमचे डायरेक्टर तर मायेचा सागर. दर सत्राच्या सुरुवातीला ते वर्गात येत, टायची गाठ चाचपत आणि म्हणत, "तुम्ही सगळे वर्किंग आहात. तुम्हाला लोड नको, हे मी जाणतो." या मायेपोटी त्यांनी आम्हाला लोड म्हणून काहीच ठेवलं नव्हतं. प्रयोगशाळेतली यंत्रं आम्हाला त्रास नको म्हणून प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलेली असत. प्रॅक्टिकलच्या फायली भरलेल्याच मिळत. आणि शिकवण्याच्या जागी होती 'आयएमपी', म्हणजे परीक्षेत हमखास येणारे प्रश्न, उत्तरांसकट. केबिन रोडला एका झेरॉक्सवाल्याकडे ती प्रत्येक विषयाची गठ्ठ्याने मिळायची. त्या माणसाला आमचा अभ्यासक्रम आमच्या प्राध्यापकांपेक्षा जास्त माहीत होता. मी दोनदा नापास झाले ती ही आयएमपी तोंडपाठ करूनच. हमखास येणारे प्रश्न दोन्ही वेळा आले नाहीत. बहुधा पेपर काढणाऱ्याने दुसऱ्या दुकानातून घेतली असणार.

अशा सुखवस्तू वातावरणात बाई आल्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवाल तितक्यांचेच पैसे. पन्नाशीच्या पुढच्या, उंच, हाडापेराने रुंद, सुती साडी आणि पायात पुरुषी सँडल. उत्तनच्या, कोळीवाड्यातल्या ख्रिस्ती घरातल्या. वडील मासेमारी बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. बाईंचा आवाज वडिलांकडूनच आला असावा, कारण तो वारा असताना ऐकू जावा अशा बेताने बनवलेला होता. एरवी बोलणं पुस्तकी, शुद्ध. चिडल्या की मात्र 'आहे'चं 'हाय' आणि 'नाही'चं 'न्हाय' व्हायचं, आणि ते ऐकलं की आम्ही पेन उचलून बसायचो.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्याला पाठ लावून विचारलं, "घरी अभ्यास किती करता?"

पहिल्या बाकावरच्याने सांगितलं, दोन तास. दुसऱ्याने त्याच्यापेक्षा कमी कसं सांगायचं म्हणून अडीच सांगितलं. माझी पाळी येईपर्यंत आकडा इतका चढला होता की मी सांगितलेल्या वेळात झोप, स्वयंपाक आणि नोकरी बसतच नव्हती. सगळ्यात शेवटी आमचा गुप्ता. हा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात क्वालिटी तपासायचा, त्यामुळे खोटं बोलायची सवय फक्त कामाच्या वेळेत होती. तो म्हणाला, "मॅडम, सच बोलूँ? ज़ीरो."

बाई म्हणाल्या, "बसा. या वर्गात एकाला तरी मोजता येतं." मग आमच्याकडे वळल्या. "घरी अभ्यास करायचा नाही. तुम्हाला घर आहे हे मला माहीत आहे. तिथे गेल्यावर तुम्ही पुस्तक उघडता, त्याच्यावर डुलकी घेता आणि सकाळी त्या डुलकीला अभ्यास म्हणता. अभ्यास इथे होणार. माझ्या तासाला. डोकी खाली."

आम्हाला कळेना. मेहुल नावाचा एक धाडसी मुलगा होता, त्याने विचारलं, "मॅडम, डोकी खाली मतलब?"

"मतलब झोपा. तुमच्याकडे बघून मला जांभया येतायत."

मी त्या दिवशी झोपले. खोटं कशाला सांगू, लग्नानंतर मला कोणी 'झोप' म्हणून सांगितल्याचं आठवत नव्हतं. 'झोपलीस का?' असं विचारलं होतं, तेही चहा पाहिजे म्हणून. उठले तेव्हा गालावर घड्याळाच्या पट्ट्याचा ठसा होता आणि फळ्यावर एकच गणित होतं. मला ते गणित दिसत होतं. दिसत होतं म्हणजे, अक्षरं जागच्या जागी उभी होती. संध्याकाळच्या साडेसहानंतर माझ्यापुढे अक्षरं उभी राहिल्याचा तो पहिला प्रसंग.

झोपेचं शास्त्र बाईंनी पुढे एकदा सांगितलं, तेही गुप्ताने खोदून विचारलं म्हणून. "माझ्या बाबांची बोट डोलीची. खांबाला जाळं बांधायचं, भरतीचं पाणी त्यात मासळी भरतं. ते काम पाण्याचं, माणसाचं नव्हे. जाळं लावलं की तांडेल सगळ्या गड्यांना झोपवतो. पाणी थांबलं की उठवतो, मग ओढायचं. नवा गडी असतो ना, तो कौतुकाने जागा राहतो. दोर धरून पाण्याकडे बघत बसतो. ओढायच्या वेळी त्याचे हात गळलेले." मग आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाल्या, "इथे सगळे नवे गडी."

त्या दिवसापासून त्यांचं नाव तांडेलबाई. त्यांना ते कळलं होतं. आवडलंही असावं, कारण त्यांनी कधी विचारलं नाही.

पाव तास झोप आणि मग पुरता एक तास गणित. या तासात त्या स्वतः फार कमी लिहीत. "माझं पाठ आहे, मी लिहून काय उपयोग," म्हणत. बाकांमधून फिरायच्या आणि प्रत्येकाच्या वहीत डोकवायच्या. अडलेल्याला उत्तर सांगत नसत, मागची पायरी विचारत. "इथपर्यंत कसे आलात? नाही, उडी मारून आलात. परत जा, चालत या." माझ्या वहीपाशी थांबून एकदा म्हणाल्या, "हे आयएमपीतलं ना?" मी मान खाली घातली. "उत्तर बरोबर आहे. प्रश्न दुसरा आहे." एवढंच बोलून पुढे गेल्या. मी ते पान अजून विसरलेले नाही.

कोणी दयेची भाषा काढली की त्यांचं गणित बिघडायचं. मेहुल एकदा म्हणाला, "मॅडम, थोडं लाइट घ्या ना, आपण तर इव्हिनिंगवाले." बाई थांबल्या. "तुमच्या डिग्रीवर 'संध्याकाळची' असं छापतात काय?" "नाही मॅडम." "तुम्ही बांधलेल्या इमारतीत माणसं फक्त संध्याकाळी राहणार हायत?" मेहुल बसला. 'हायत' ऐकल्यावर उभं राहण्यात अर्थ नव्हता.

घरी माझी वेगळीच करमणूक झाली होती. नवरा म्हणे, "फी भरून झोपायला जातेस? घरी फुकट झोप की." मी म्हटलं, "घरी झोपून दाखवते, आजचा स्वयंपाक तू कर." त्याने विषय आणि खोली दोन्ही सोडली. मुलीने मात्र तिच्या क्लासच्या सरांना ही पद्धत सुचवली आणि पालकांना बोलावणं आलं.

असं सगळं बेकायदा आणि सुरळीत चाललं होतं. महिन्या-दोन महिन्यांत वर्गात लोक उशिरा येईनासे झाले, कारण झोप चुकायची. आणि मग कॉलेजला दर्जा द्यायला समिती आली.

समिती येणार म्हटल्यावर कॉलेजने दर्जा भाड्याने आणला. कुंड्या आल्या, पडदे आले, यंत्रांची कव्हरं निघाली आणि खाली यंत्रं असल्याचं पाहून आम्हालाही बरं वाटलं. समित्या दिवसा येतात, जेवतात आणि जातात. संध्याकाळच्या वर्गाकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलेलं नव्हतं. यंदा मात्र घात झाला. सगळं बघून लवकर संपलं, जेवणाला वेळ होता, आणि अध्यक्षांना बसल्या बसल्या कंटाळा आला. बाहेरच्या राज्यातले गृहस्थ, पांढऱ्या मिशा, स्वभावाने जिज्ञासू. म्हणाले, "चलिए, आपकी ईवनिंग शिफ़्ट भी देख लेते हैं।"

दार उघडलं तेव्हा आमचा पाव तास चालू होता. मी दाराजवळच्या बाकावर, आवाजाने एक डोळा उघडलेली. तो डोळा मी मिटला नाही, कारण असलं नाटक तिकीट काढूनही बघायला मिळत नाही. दारात समिती. समितीमागे डायरेक्टर, चेहरा फळ्यापेक्षा काळा. समोर अंधार, अंधारात सगळे भावी अभियंते झोपलेले, मागच्या बाकावरून गुप्ताचं घोरणं. आणि खुर्चीत तांडेलबाई, ओठांवर बोट ठेवून समितीला सांगतायत, "शू. हळू."

अध्यक्ष आपसूक कुजबुजले, "ये क्या हो रहा है?"

अशा वेळी माणसाची उंची कळते. आमच्या डायरेक्टरांनी एक श्वास घेतला आणि म्हणाले, "सर, ध्यान।"

बाई म्हणाल्या, "ध्यान न्हाय. झोप हाय."

"क्या कह रही हैं?"

"सर, योगनिद्रा।"

अध्यक्ष दारातच हात जोडून उभे राहिले. म्हणाले, दिवसभर राबून आलेल्या मुलांच्या मनाचा विचार करणारं कॉलेज त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी गुप्ताने असा काही सूर लावला की त्यांना तो ओंकारच वाटला असावा. समिती चवड्यांवर चालत निघून गेली. बाईंनी घड्याळ पाहिलं, दिवे लावले आणि म्हणाल्या, "उठा. ओढा."

कॉलेजला वरचा दर्जा मिळाला. अहवालात योगनिद्रेचा खास उल्लेख होता. आणि इथून आमचं ग्रहण सुरू झालं, कारण डायरेक्टरांनी ठरवलं की एवढी चांगली गोष्ट चांगल्या पद्धतीने व्हायला हवी.

चांगल्या पद्धतीने म्हणजे पांढऱ्या झब्ब्यातला एक प्रशिक्षक. स्पीकरवर बासरी, बासरीमागे समुद्राच्या लाटा. पाव तासाचा पाऊण तास झाला. हजेरी दोनदा, सुरुवातीला आणि शेवटी. पाठीचा कणा ताठ, डोळे मिटलेले, आणि सगळ्यात मोठा नियम, झोप लागता कामा नये. प्रशिक्षक रांगांमधून फिरायचा आणि कोणाची मान कलली की खांद्याला हळुवार हात लावून म्हणायचा, "सजग राहा." आम्ही सजगपणे त्याचा जीव घ्यायचे विचार करत बसायचो. योगनिद्रा संपली की बाईंसाठी अर्धा तास उरायचा आणि त्यात आम्ही सगळे पुन्हा पहिल्यासारखे, पुस्तकावर माना टाकणारे. वर्ग सकाळच्या पाळीत नेता येत नव्हता, पुढे ढकलावा तर पुढचा विषय दारात उभा. आमच्याकडे चोवीस तासांत अभ्यासाचा एकच तास होता, आणि तो शांततेने मेला.

लाटांचा आवाज ऐकून बाई पहिल्या दिवशी दारातच थांबल्या. म्हणाल्या, "हा कुठला समुद्र? वास न्हाय याला."

मग त्या डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या. मी आणि गुप्ता बाहेर सहीसाठी ताटकळत होतो, आणि बाईंचा आवाज दारापाशी अडवणारी दारं अजून बनलेली नाहीत. डायरेक्टरांचंही बरंचसं ऐकू आलं, कारण आम्ही तसे उभे राहिलो.

"माझा तास मला परत द्या."

"मॅडम, तुमचीच आयडिया आपण नॅशनल लेव्हलला नेतोय. तुम्हाला प्राऊड वाटायला पाहिजे."

"मी त्यांना झोपवून जागं करत होते. तुम्ही जागं ठेवून झोपवताय."

"वर्डिंग छान आहे. ब्रोशरला घेऊ."

"पेपर तोंडावर आलाय सर. निम्मा पोर्शन बाकी हाय."

"मग बाकीचं आयएमपी देऊन टाका ना. वर्किंग लोक आहेत मॅडम. लोड कशाला?"

मग बाई बाहेर आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऐकलंत ना सगळं? मग परत सांगत नाही." गुप्ता नंतर मला म्हणाला, "दीदी, अब गया अपना मॅथ्स।" मी मनात केबिन रोडच्या झेरॉक्सवाल्याला तिसऱ्यांदा नमस्कार करत होते.

त्यानंतर वार्षिक समारंभ आला. त्यात बाईंचा सत्कार ठेवलेला होता, 'योगनिद्रा उपक्रमाच्या जननी' म्हणून. नाटकात मी आयुष्यभर रस घेतलाय, पण पात्राला न विचारता इतकी मोठी भूमिका दिलेली पाहिली नव्हती. प्रमुख पाहुणे कोणी निवृत्त बडे अधिकारी होते. दिवसभर तीन ठिकाणी दिवे पेटवून चौथ्या ठिकाणी आमच्याकडे आलेले, डोळे तांबारलेले. शाल झाली, नारळ झाला. डायरेक्टर माइकवर म्हणाले, "मॅडम दोन शब्द बोलतील."

बाईंनी शाल खुर्चीवर ठेवली, नारळ शालीवर ठेवला आणि माइकशी गेल्या. "मला बोलता येत नाही. दाखवते. दिवे घालवा."

दिवे घालवणारा आमच्याच वर्गातला. त्याने डायरेक्टरांकडे पाहिलंही नाही.

"डोकी खाली. फोन पिशवीत."

आमचा अख्खा वर्ग समोरच्या खुर्च्यांच्या पाठीवर कपाळ टेकून आडवा झाला. किती दिवसांची उधारी होती ती. आमचं बघून बाकीचे झाले. व्यासपीठावर टेबल होतं, पाहुण्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि हाताची घडी घालून हळूच त्यावर डोकं ठेवलं. आता पाहुणेच झोपले म्हटल्यावर डायरेक्टरांना जागं राहणं शिष्टाचारात बसेना. मी मात्र एक डोळा उघडा ठेवला होता, सवयीने. संपूर्ण सभागृहात उभ्या असलेल्या फक्त बाई, हात मागे बांधलेले, वारा कुठून आहे ते बघत असल्यासारख्या.

दिवे लागले. "उठा. ओढा."

पाहुण्यांच्या कपाळावर टेबलक्लॉथची नक्षी उमटली होती. डोळे चोळत म्हणाले, "अहो, खरंच लागली होती. कित्येक दिवसांनी."

बाई माइकवरून म्हणाल्या, "साहेब, हे पाव तासाचं काम. याला बासरी लागत नाही, पाऊण तास लागत नाही. आता ही माणसं ताजी आहेत. ताज्या माणसांना शिकवायचं असतं, म्हणून तर झोपवायचं. माझा गणिताचा तास यांच्या मन:शांतीत गेला आहे. पेपर जवळ आहे. तो तास परत मिळाला तर सत्कार पोचला. नाहीतर शाल परत घ्या, उत्तनला थंडी पडत नाही."

पाहुणे डायरेक्टरांकडे वळून म्हणाले, "द्या की मग. अडचण काय?"

डायरेक्टरांनी सभागृहातली सगळ्यात पहिली टाळी वाजवली. म्हणाले, अगदी हेच ते जाहीर करणार होते.

दुसऱ्या दिवसापासून तास परत आला. पुरा. प्रशिक्षकाला दिवसाच्या शिफ्टला नेण्यात आलं, तिथल्या कोवळ्या पोरांची मनं अशांत करायला. उरलेल्या आठवड्यांत बाईंनी आम्हाला असं काही ओढलं, की मेहुलसारखा माणूस स्वतःहून म्हणाला, "मॅडम, एक अजून द्या ना." मला एका संध्याकाळी पाण्याच्या टाकीचं गणित सुटलं. टाकी रिकामी होते तेव्हा पाणी आधी जोरात जातं, मग पाणी उतरतं तसा जोरही उतरतो. तो जोर क्षणाक्षणाला किती उतरतो हे मी पायरी पायरीने, उडी न मारता काढलं, आणि शेवटी खाली जे उरलं ते आमच्या ऑफिसातल्या त्या डिझाइनवाल्या पोराच्या आकड्याचं खानदान होतं. मी बाकावर हात आपटला. बाई दुरूनच म्हणाल्या, "सापडलं? आता वल्हं तोडू नका."

पेपरच्या दिवशी परीक्षा केंद्रावर एक लहानसा गोंधळ झाला. प्रश्नपत्रिका वाटल्या आणि आमच्या कॉलेजची पूर्ण रांग डोकी खाली टाकून आडवी झाली. कोणी ठरवलं नव्हतं. पर्यवेक्षक घाबरा झाला, पाणी आणायला धावला. त्याला वाटलं, पेपर बघून मंडळी गेली. त्याने गुप्ताला हलवलं तेव्हा गुप्ता डोळे न उघडता म्हणाला, "सर, डिस्टर्ब मत कीजिए। अभी पानी भर रहा है।" थोड्या वेळाने आम्ही एकेक करून उठलो आणि लिहायला लागलो. पर्यवेक्षकाने तो ग्लास स्वतःच प्यायला.

मी पास झाले. फार गुणांनी नाही, पण माझ्याच गुणांनी.

पुढच्या सत्रात तांडेलबाई आल्या नाहीत. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढून टाकत नाहीत. ते क्रूर दिसतं, आणि आमचं कॉलेज मायाळू. त्याला फक्त फोन करत नाहीत. सत्र सुरू होतं, वेळापत्रक लागतं, नाव नसतं. डायरेक्टर हळहळून म्हणाले, "मॅडमना ट्रॅव्हलिंग फार पडत होतं." त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी आयएमपीचा पत्ता दिला. नव्या ब्रोशरच्या पहिल्या पानावर मात्र बाई अजून आहेत. म्हणजे त्या नाहीत, त्यांनी झोपवलेलं सभागृह आहे, आणि मधोमध टेबलावर डोकं टेकलेले डायरेक्टर. फोटोखाली लिहिलंय, 'विद्यार्थ्यांच्या बरोबरीने'.

आमचा तास त्यांनी स्वतःचे तास देऊन घेतला होता, हे मला जरा उशिराच लक्षात आलं. डिग्री हातात आली, डिझाइनचं टेबल मिळालं, त्या रविवारी मी पेढे घेऊन उत्तनला गेले. कोळीवाड्यात कोणालाही विचारावं, गणिताच्या मिस कुठे राहतात, की लहान पोरंसुद्धा रस्ता दाखवतात, पण जरा लांब उभं राहून. बाई अंगणात बसल्या होत्या. समोर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते, आणि एका हातात कावळे हाकायची काठी होती.

"पास झालीस म्हणे." वर्गातलं 'तुम्ही' उत्तनपर्यंत पोचलं नव्हतं.

"हो मॅडम. टेबलही मिळालं."

"ते ठीक. समजलं काय?"

मी म्हटलं, समजलं. पेढ्याचा पुडा बाजूला ठेवला आणि सांगायला बसले. टाकी, टाकीतलं पाणी, खालचं भोक, उतरणारा जोर. हातवारे करून, बोंबलांच्या साक्षीने. दुपारचा वारा पडलेला होता. सांगता सांगता पाहिलं तर बाईंची मान मागे भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले, काठी मांडीवर आडवी. आम्हा सगळ्यांना झोपवणाऱ्या बाईला मी पहिल्यांदा झोपलेली बघत होते. मी बोलायची थांबले आणि काठी हळूच उचलून कावळे हाकायला लागले.

"थांबलीस का?" बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "मी झोपलेय. तू ओढ."